पागे सरांच्या वहीतला शेवटचा रकाना

धुळेकराला इंदूर काही परदेश नाही. जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची हा माझा धंदा. त्यासाठी गेली कित्येक वर्षं मी आग्रा रोडने तिकडे जातो-येतो. सासुरवाडीही तिथलीच. पण या मार्चमध्ये गेलो तो भांडायला गेलो, हे आधीच सांगून टाकतो.

माझी मुलगी प्रांजल दीड वर्षापासून इंदूरच्या एका लहानशा फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकते. क्लब म्हणजे दोन विमानं, एक हँगर, तीन शिक्षक आणि अठरा मुलं-मुली. विमान दोन माणसांचं असतं. डाव्या सीटवर शिकणारा, उजव्या सीटवर शिकवणारा. मग एक दिवस शिकवणारा धावपट्टीच्या कडेला खाली उतरतो आणि शिकणारा एकटाच एक फेरी मारून परत येतो. याला सोलो म्हणतात. सोलो झाली की पुढचं सगळं शिक्षण सुरू होतं. नाही झाली तर माणूस जिथल्या तिथे.

प्रांजलच्या मागून आलेल्या चौघांची सोलो झाली होती, हिची नाही. क्लबाच्या मुख्य शिक्षकांना, म्हणजे पागे सरांना, फोन केला तर म्हणाले, "अभी थोडा टाइम आहे." किती टाइम, विचारलं तर म्हणाले, "ते मी नाही सांगू शकत."

थोडा टाइम आहे, हे मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं आहे. बँकेने सांगितलं, औद्योगिक वसाहतीच्या ऑफिसने सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच असतो की कुणाची तरी चिठ्ठी आपल्या आधी पोहोचली. त्यात गेल्या महिन्यात प्रांजलने आईला फोनवर विचारलं, "मी सोडून परत आले तर पप्पा रागावतील का?" बायकोने ते मला चार दिवसांनी सांगितलं. मी त्याच आठवड्यात गाडी काढली.

रविवार, तुकोगंज

मोठे मेहुणे अनिलराव तुकोगंजात राहतात. सरकारी खात्यातून निवृत्त झाले. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, हे ते पहिला चहा संपायच्या आत सांगतात. आमच्या लग्नात याच घरातल्या कुणीतरी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना 'जावई भंगारात आहेत' असं म्हटलं होतं. चोवीस वर्षं झाली. कोण म्हणालं ते मला माहीत आहे, पण नाव लिहीत नाही, कारण प्रांजल त्यांच्याच घरी राहते आणि वहिनी तिला सख्ख्या मुलीसारखं सांभाळतात.

"जीजाजी, रस्ता कैसा होता? घाटात जाम तर नाही लागला?"

"लागला. दीड तास."

"तो लागतोच. आता आराम करा बस. टेन्शन नका लेऊ, कीस तयार आहे."

कीस म्हणजे भुट्ट्याचा. आमच्याकडे कणीस भाजून मीठ-लिंबू लावलं की विषय संपतो. इथे ते किसतात, दुधात शिजवतात, वर कोथिंबीर, खोबरं आणि शेव. शेव तर इथे वरणावरही असते. चव चांगली पण गोडसर, तिखट खाणाऱ्या माणसाला प्रत्येक घासाला आपण कुणाच्या तरी बारशाला आलोय असं वाटतं.

प्रांजल संध्याकाळी आली. हात कोपरापर्यंत रापलेले, कपड्यांना पेट्रोलचा वास. वजन उतरलं होतं. पाया पडली आणि सरळ म्हणाली, "पप्पा, तुम्ही सरांशी भांडणार आहात का?"

"बोलणार आहे."

"तुमचं बोलणं मला माहीत आहे."

"मग विचारतेस कशाला?"

ती ताटातला कीस चमच्याने इकडून तिकडे सारत बसली. तिच्या मामांनी विषय बदलून पणजोबांवर नेला.

सोमवार, हँगर

सकाळी सव्वासहाला क्लबात पोहोचलो. पागे सरांनी माझा आठवड्याचा पास करून ठेवला होता. तो माझ्या हातात पडला तेव्हाच माझा पाव राग उतरला, आणि उतरला म्हणून पुन्हा राग आला.

हँगरमध्ये दोन विमानं होती. एकाचं इंजिन उघडून फडक्यावर मांडलेलं. दुसरं मुलांनी हाताने ढकलत बाहेर काढलं, बंद पडलेली रिक्षा ढकलावी तसं. मी जवळ जाऊन दारावर बोटाने वाजवून पाहिलं. पत्र्यात माझं आयुष्य गेलं. आमच्याकडच्या पिठाच्या गिरणीचा पत्राही याहून जाड असतो. तेवढ्या पत्र्यात बसून माझी मुलगी रोज हजार फुटांवर जाते, हे मला दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, पण मी बोटाने वाजवून पाहिलं नव्हतं.

पागे सर उंच, सडसडीत, साठी ओलांडलेले. हातात स्टीलचा कप.

"सर, मी प्रांजलचा बाप."

"ओळखलं. फोनवर आवाज ऐकलाय." मला दुसरा कप दिला. "बसा भिया. चाय घ्या." इथे भाऊला भिया म्हणतात.

"तिच्या मागून आलेली चार मुलं एकटी गेली."

"हाव. गेली."

"माझी मुलगी कमी पडते का?"

"लँडिंगमध्ये? अजिबात नाही. या बॅचमध्ये सगळ्यात अच्छी लँडिंग तिची आहे."

"मग अडलंय कुठे? कुणाचा फोन येतो तुम्हाला? सांगा, मीही आणतो."

शेजारी उभी असलेली दोन मुलं हळूच लांब सरकली. पागे सरांनी चहा फुंकला. "फोन तर फक्त तुमचाच येतो."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की ही कशी मुलगी आहे. सौदा करताना मी माल आधी नीट दाखवतो. म्हटलं, हिने जन्मात कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलेलं नाही. चौथीत स्कॉलरशिपच्या परीक्षेला एकशे तीन ताप होता, तरी बसली.

सरांचा कप तोंडापाशी थांबला. "एकशे तीन?"

"एकशे तीन."

"आणि घेऊन कोण गेलं?"

"मीच. मोटरसायकलवर."

"पास झाली?"

"जिल्ह्यात तिसरी आली."

"हं," एवढंच म्हणाले, कप ठेवला आणि विमानाकडे चालू लागले. मला वाटलं, सौदा जमला.

त्या तासात प्रांजलने सात वेळा विमान उतरवलं. मी तारेच्या कुंपणामागे व्हरांड्यात उभा राहून मोजलं. उठताना बरं वाटतं. उतरतानाच जीव जातो, कारण विमान जमिनीवर यायला निघालंय की पडायला, हे खालून मला तरी कळत नाही.  प्रत्येक वेळी चाकं टेकली की पुन्हा वेग घेऊन वर, आणि पुन्हा तेच. सातव्यानंतर माझ्या शर्टाची पाठ भिजली होती.

उतरल्यावर विचारलं, "कशी झाली सर?"

"अच्छी झाली."

"मग?"

"मग काही नाही. परवा."

दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन ते परत वर गेले. व्हरांड्यातल्या टेबलावर एक मोठी वही उघडी होती. लिलावात माणसांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या वह्या वाचाव्यात हे मी फार लवकर शिकलो. नववीत शाळा सुटली, पण यंत्रांच्या पाट्या वाचून वाचून इंग्रजी अक्षर मला अडत नाही. वहीत प्रत्येक उड्डाणाची एक ओळ. नाव, विमान, वेळ, शिक्षकाची सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो काही म्हणायचं असलं तर विद्यार्थ्याने उडायच्या आधी स्वतःच्या हाताने भरायचा.

त्या चौघांच्या सोलोच्या तारखा शोधल्या आणि तिथून मागे मागे गेलो. चौघांच्याही सोलोच्या आधी, कुणाच्या दोन दिवस, कुणाच्या आठवडाभर, एक ओळ सापडली. सरांची सही झालेली, म्हणजे सरांनी जा म्हटलेलं, आणि शेवटच्या रकान्यात मुलाच्या अक्षरात 'नॉट फ्लाइंग'. पुढे कारण. एकाने लिहिलं होतं, वारा पटत नाही. एकाने, रात्री झोप नाही. एकीने, उजव्या ब्रेकचा आवाज वेगळा वाटतो.

प्रांजलच्या नावापुढे तो रकाना पानामागून पान कोरा होता.

मी वही होती तशी ठेवली. विकणाऱ्याच्या तोंडून त्याचा शेवटचा भाव ऐकावा तसा आनंद मला झाला. या म्हाताऱ्याला काय हवंय ते मला कळलं होतं. जो कधीच नाही म्हणत नाही, त्याला हा माणूस एकटं सोडत नाही. आणि ही गोष्ट तो कुणाला सांगतही नाही.

मंगळवार, पोहे आणि पोलोग्राउंड

मंगळवारी तिची पाळी नव्हती, म्हणून सकाळी तिला घेऊन पोह्यांच्या गाडीवर गेलो. इथले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, वर शेव आणि जिरावन नावाचा काळसर मसाला, बरोबर जिलबी. गोड आणि तिखट एकाच वेळी तोंडात घालायचं. उभ्याने खायचं आणि अनोळखी माणसाशी बोलायचं. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलंसुद्धा, "बाहेरचे का भिया? जिलबी पोह्यात बुडवून खा."

ते गेल्यावर मी तिला वहीची गोष्ट सांगितली. आवाज खाली करून, धंद्यातली खबर सांगावी तशी.

ती म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे पप्पा. सर बोलत नाहीत, आम्हीही बोलत नाही."

"मग लिही ना. उद्या लिही डोकं दुखतंय. परवा सोलो."

"आणि सरांनी विचारलं तर?"

"तर दुखतंय म्हण. डोकं काय उघडून बघणार आहेत?"

तिने जिलबी कागदावर ठेवली. "खोटं नाही म्हणून मी एकटी वर गेले, आणि तिथे खरं नाही म्हणायची वेळ आली, तर मला ते येईल?"

"एवढा विचार करायचा नसतो."

"मला नाही म्हणावंसं वाटतच नाही. म्हणजे, आत भीती वाटते. एकदा तर समोर ढग दिसत होता. पण सर जा म्हणाले की माझे पाय आपोआप विमानाकडे जातात. मग वर गेल्यावर कळतं की आपण विचारच केला नव्हता." मग म्हणाली, "तुम्हीच तर..." आणि जिलबी परत उचलली.

मी पुढचं विचारलंही नाही. आवाज चढवला तेवढा. एवढी चांगली संधी समोर आहे आणि हिला तत्त्वं सुचतायत, असं काहीबाही बोललो. गाडीवरचे दोघेतिघे बघायला लागले. ती पाण्याने हात धुऊन अभ्यासाला म्हणून निघून गेली.

डोकं गरम झालं की मी यंत्रं बघायला जातो. पोलोग्राउंडच्या जुन्या कारखान्यांमध्ये माझे ओळखीचे लोक आहेत. एका शेडमध्ये लोखंड कातायचं एक लेथ विकायला काढलं होतं. दुपारभर भाव केला. मालक घाम पुसत खाली खाली आला आणि शेवटी माझ्या आकड्यावर थांबला. मी उठून पुन्हा एकदा लेथच्या बेडवरून, म्हणजे खालच्या लोखंडी पाटावरून, नख फिरवलं. जिथे काम जास्त होतं त्या बाजूला नख किंचित खाली उतरलं. बेड झिजला होता. रंगाखाली दिसत नव्हता, पण होता.

"राहू दे सेठ," मी म्हटलं.

"अरे भिया, आता तर भाव तुमचाच झाला."

"भाव माझा आहे, मशीन माझं नाही."

तो मागून बराच वेळ हाका मारत होता. मी मागे पाहिलं नाही. धंद्यात माझी एवढी एकच विद्या आहे, जमलेल्या सौद्यातूनही उठता येणं. सगळा राग निघून गेला होता आणि मी रस्त्यात उभं राहून उसाचा रस प्यालो. मुलीशी सकाळी काय बोललो आणि आता काय करून आलो, हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघायचं मला त्या दिवशी सुचलं नाही.

बुधवार, वारा आणि खजराना

बुधवारी सकाळपासून वारा. धावपट्टीजवळच्या खांबाला नारिंगी कापडी पिशवी लावलेली असते. वारा नसला की ती लोंबते. त्या दिवशी ती काठीसारखी आडवी ताठ उभी होती. सगळी उड्डाणं रद्द. मुलं व्हरांड्यात बसून पुस्तकं उघडून गप्पा मारत होती.

फळ्यावर गुरुवारची यादी लागली. पहिली पाळी रोशनीची, प्रांजलची चौथी. पहिली पाळी सोन्यासारखी असते, हे एव्हाना मला कळलं होतं. ऊन चढायच्या आधी हवा शांत असते. रोशनी नंदुरबारची. तिच्याशी बोललो. घरची आठवण कशाची येते विचारलं, तर म्हणाली, "काका, बिबड्यांची." बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, ते माझ्या गाडीतच होते, बायकोने भावासाठी दिलेले. डबा अजून अनिलरावांना द्यायचा राहिला होता.

"पूर्ण डबा," मी म्हटलं, "आणि तू चौथी जा."

"सरांना चालेल?"

"तुम्ही आपसात बदललं तर सर काही म्हणत नाहीत. मी यादीवरच्या खाडाखोडी पाहिल्यात."

ती हसली आणि डबा घेतला. प्रांजलला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "मामांना काय सांगणार?" ते मला महत्त्वाचं वाटलं नाही.

दुपारी वहिनींनी खजरान्याला नेलं. गणपतीच्या देवळामागच्या भिंतीवर नवस बोलताना उलटं स्वस्तिक काढतात, काम झालं की येऊन सुलटं काढतात. आमच्याकडे नवस तोंडी असतो, त्याची अशी भिंतीवर नोंद नसते. वहिनी म्हणाल्या, "मनातल्या मनात साफ बोला हं भाऊजी. गोलमोल नको."

मी उलटं स्वस्तिक काढलं आणि साफ बोललो. प्रांजलची सोलो होऊ दे, आणि मी इंदुरात असेपर्यंत होऊ दे. शनिवारी निघणार होतो. देवाशी बोलतानाही मुदत घातल्याशिवाय मला चैन पडत नाही.

परत येताना वहिनींनी विचारलं, "तुम्हाला नाही का भीती वाटत?"

"वाटते."

"तिला सांगितलं कधी?"

"तिला कशाला सांगायचं? ती घाबरेल."



गुरुवार

झोप झाली नाही. पाच वाजता गच्चीत जाऊन हवा पाहिली. पान हलत नव्हतं. क्लबात पोहोचलो तेव्हा ती नारिंगी पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती आणि धावपट्टी लांबपर्यंत स्वच्छ दिसत होती. अशी सकाळ विकत मिळाली असती तर मी भाव न करता घेतली असती.

पागे सरांनी यादीवरची अदलाबदल पाहिली, माझ्याकडे पाहिलं. वहीत सही केली. "चलो प्रांजल. जा, विमान तपासून घे."

ती विमानाभोवती फिरली. पंखांखालून हात फिरवला, टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडात धरून पाहिलं, चाकं पाहिली. मी कुंपणाच्या तारेला धरून उभा होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला. ती विमानाच्या दारापाशी गेली, दारावर हात ठेवला, आणि तशीच थांबली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग वळली, व्हरांड्यात आली, माझ्या समोरून टेबलापाशी गेली, वहीत काहीतरी लिहिलं, पेन बंद करून खिशाला लावलं आणि हँगरमध्ये निघून गेली.

पागे सरांनी वही पाहिली. मग रोशनीला हाक मारली, "चल बेटा, तू ये."

मी भडकलो. ते सगळं लिहीत नाही. हवा शांत, विमान ठीक, पाळी पहिली, सगळं मी आणून दिलं आणि हिला आता काय झालं, अशा अर्थाचं बोललो, आणि मोठ्याने बोललो. हँगरमधल्या मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. सर तेवढा वेळ उभे राहिले. माझं संपल्यावर त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

बाकी सगळ्यांचे शेरे इंग्रजीत होते. हिचा मराठीत होता. ही वही मी वाचतो, हे तिला मीच सांगितलं होतं.

'आज उडत नाही. विमान ठीक, हवा ठीक. वडील कुंपणापाशी उभे आहेत, माझं लक्ष त्यांच्याकडे आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मग खुर्चीवर बसलो. रोशनीचं विमान उठून गेलं, तेही मी पाहिलं नाही.

रोशनीला घेऊन परत उतरल्यावर सर शेजारी बसून म्हणाले, "भिया, माझ्या पहिल्या सोलोला माझे वडील आले होते. मी उतरताना तीनदा उसळलो. चौथ्यांदा उसळलो असतो तर आज तुम्हाला चाय पाजायला नसतो."

"ते तुम्हाला काय म्हणाले?"

"म्हणाले, घोड्यावर यापेक्षा सुखी होतास." हसले. "आमच्यात सगळे घोड्यांच्या पागेतले ना."

मला हसू आलं नाही. "म्हणजे आता होईल तिची?"

"ते मी नाही सांगू शकत," म्हणाले. तेच वाक्य, त्याच आवाजात. या वेळी मी त्यावर भाव केला नाही.

घरी जाऊन बॅग भरली. अनिलराव म्हणाले, "अरे, शनिवार बोलले होते ना जीजाजी?" मी म्हटलं, धुळ्यात एक काम निघालं. संध्याकाळी प्रांजल आली. बॅग पाहून दारातच उभी राहिली.

"रागावून चाललात?"

"काम निघालंय."

"काय काम?"

"लेथचं."

तिला खोटं कळलं. मला लेथचं काम आलं असतं तर मी आकड्यांसकट सांगितलं असतं. ती जवळ येऊन बसली. "थांबा ना पप्पा. मी तसं तुम्हाला घालवायला नव्हतं लिहिलं."

"मग कशाला लिहिलंस?"

"खरं होतं म्हणून."

रागवायला मला जागाच राहिली नाही, आणि ती सवय नसल्याने मी पाणी पिऊन आलो. ताप असताना परीक्षेला नेलं होतं ते चुकलं, असं म्हणायचं मनात होतं. म्हणालो ते एवढंच की सकाळी नीट खाऊन जा. वहिनींनी बिबड्यांचा डबा कुठे गेला म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही दोघंही गप्प बसलो.

शुक्रवार, खलघाट

सहाला निघालो. राऊ मागे पडलं तेव्हा एकदा गाडी बाजूला घेतली. क्लबामागच्या भिंतीबाहेरून एक कच्चा रस्ता जातो, तिथून धावपट्टीचं टोक दिसतं. मी सोमवारीच पाहून ठेवला होता. वळून अर्ध्या तासात पोहोचलो असतो. तिला कळलंही नसतं. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बसलो. आजवर मी कुठलीही गोष्ट न बघता सोडलेली नाही, आणि हीच सोडायची होती. मग पहिला गिअर टाकून सरळ निघालो.

मानपूरच्या घाटात ट्रकांमागे हळूहळू उतरताना सारखं आभाळाकडे लक्ष जात होतं. तिथून काही दिसणार नव्हतं. डावीकडे पळसाची झाडं फुलली होती. झाडांचे शेंडे हलतायत का, तेवढंच बघत होतो. हलत नव्हते. इथे वारा नाही म्हणजे तिथेही नसेल, असं म्हणायचो आणि लगेच वाटायचं की तिथे असेल. तिचा चौथीतला चेहरा आठवत होता, मोटरसायकलवर माझ्या पाठीला टेकलेलं गरम कपाळ.

खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडला आणि पलीकडे टपरीवर थांबलो. पुलावरून लोक नदीत नाणी टाकत होते. चहा घेतला, तो हातातच गार झाला. फोन समोर ठेवला. मी फोन करायचा नाही, असं ठरवलं होतं. आठ वाजले. सव्वाआठ वाजले. टपरीवाल्याने विचारलं, "दुसरा देऊ का?" मी मान हलवली, पण हो की नाही ते मलाच ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. तिचाच होता.

"पप्पा, कुठे पोहोचलात?"

"खलघाट. तू?"

"उतरले."

"विमानात कोण होतं?"

 "मी."

मी बाकावर बसलो होतो तो उभा राहिलो आणि पुन्हा बसलो. तिच्या मागे मुलांचा गोंधळ चालला होता. पहिली सोलो झाली की बादलीभर पाणी ओततात, तिच्यावरही ओतलं होतं, बोलताना दात वाजत होते. सांगत होती, तीन फेऱ्या सरांबरोबर मारल्या, मग सर म्हणाले थांबव, दार उघडलं, उतरले आणि मागे न बघता चालत गेले. तिने शेऱ्यात काय लिहिलं होतं ते मी विचारलं. म्हणाली, "आज उडते."

"भीती वाटली?"

"वाटली. उठल्यावर जास्त. पप्पा, विमान एवढ्या लवकर उठलं ना, मी तयारच नव्हते. नेहमीच्या खुणेच्या कितीतरी आधी. एका माणसाचं वजन कमी झालं की ते असं उठतं, पुस्तकात वाचलं होतं. पण खरंच उठतं."

"सरांचं वजन किती आहे?"

"पंचाहत्तर असेल. का?"

"माझं ब्याण्णव आहे," मी म्हणालो.

ती इतकी हसली की फोन दुसऱ्याच कुणीतरी घेतला. मी टपरीवाल्याला म्हटलं, आता दे दुसरा चहा. मग हिशेब आठवला. खजरान्याला मी मुदत घातली होती, इंदुरात असेपर्यंत. ती अट देवाने काही मानली नाही. तरीही स्वस्तिक सुलटं करायला जावंच लागेल. बिबड्यांचा डबाही न्यावा लागेल, या वेळी दोन.